तीन शिफ्टचं घर: आधी झोप बसवा, मग बाकीचं

आठवड्याचे तास १६८. तीन शिफ्टमध्ये काम करणाऱ्याचा हिशोब मांडला तर ४८ तास कंपनीत, जाण्यायेण्याचा रोज दीड तास धरून सहा दिवसांचे ९, झोपेचे रोज सात म्हणजे ४९, अंघोळ-जेवण-कपडे यांचे रोज दोन म्हणजे १४. बेरीज १२०. उरले ४८. कागदावर हे भरपूर दिसतात. पण भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत नाइट करणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, 'वेळ कुठाय?' आणि तो खरंच बोलत असतो. त्याचे ४८ तास असतात, पण ते भलत्या वेळी येतात. सकाळी अकराला येतात, तेव्हा मुलं शाळेत असतात. पिंपरी-भोसरी पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, आणि सगळे नातेवाईक मोकळे रविवारी. शिवाय हे तास येतात तेव्हा झोप अर्धी झालेली असते, डोकं जड असतं आणि समोर बसलेल्या मुलाचं बोलणं अर्धंच ऐकू येतं.

वेळेच्या नियोजनाचे जे सल्ले सगळीकडे मिळतात, पहाटे पाचला उठा, व्यायामाची वेळ रोज एकच ठेवा, ते नऊ ते सहा काम करणाऱ्यांसाठी आहेत. शिफ्टवाल्याचे पहाटेचे पाच एका आठवड्यात बसच्या थांब्यावर येतात, दुसऱ्यात गाढ झोपेत आणि तिसऱ्यात मशीनवर. त्याला नियोजन दुसऱ्या टोकाकडून करावं लागतं. आधी झोप कुठे बसते ते ठरवायचं, आणि उरलेल्या जागेत घर, मुलं, बँक, लग्नकार्य. उलटं केलं की झोप कापली जाते, आणि ती कापली की बाकीचे ४८ तासही कुचकामी होतात.

खाली सगळीकडे फर्स्ट ६ ते २, सेकंड २ ते १०, नाइट १० ते ६ अशा वेळा धरल्या आहेत. तुमच्याकडे साडेसहा-तीन-साडेअकरा असेल तर सगळं तेवढं पुढे सरकवा.

शरीराचं घड्याळ ऐकत का नाही

डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी मज्जापेशींचा एक बारीक पुंजका असतो. झोप, भूक, शरीराचं तापमान, संप्रेरकं यांच्या वेळा तोच लावतो, आणि तो स्वतः लावला जातो डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून. पेशींच्या आतलं हे घड्याळ कसं चालतं, या शोधासाठी २०१७ चं वैद्यकाचं नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना मिळालं. शिफ्टवाल्याने यातल्या चारच गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवायच्या.

पहिली म्हणजे बहुतेकांचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. दुसरी, शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात खाली जातं आणि लक्ष तेव्हाच सगळ्यात पातळ होतं. तिसरी, नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास माणूस उलट टक्क जागा असतो, त्या वेळात पडून राहिलं तरी झोप येत नाही. आणि चौथी, दुपारी दोन ते चार एक नैसर्गिक उतार येतो. जेवलेले असा वा नसा, तेव्हा डोळा लागतो.

आता नाइटचा आठवडा पाहा. हे घड्याळ पूर्ण उलटायला आठवडा पुरत नाही, आणि थोडंफार सरकायला लागतं तोवर शिफ्ट बदलते. म्हणून 'नाइटची सवय होईल' या आशेवर बसू नये. सवय होत नाही, सहन करायची पद्धत तेवढी शिकता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं. नाइट करणाऱ्या प्रत्येकाला आजार होणारच, असा याचा अर्थ नाही. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. पण दिवसाच्या झोपेला 'आळस' म्हणणाऱ्या घरातल्यांना एवढं वाक्य जरूर वाचून दाखवावं.

तीन आठवडे, तीन वेगळी वेळापत्रकं

फर्स्ट शिफ्टला सगळे सोपी मानतात, कारण संध्याकाळ मोकळी मिळते. माझ्या मते झोपेच्या दृष्टीने ही फसवी शिफ्ट आहे. बस सव्वापाचला, उठायचं साडेचारला, म्हणजे सात-साडेसात तास हवे तर रात्री नऊला आडवं व्हायला हवं. पण आधीचा आठवडा उशिरा झोपण्यात गेला असेल तर नऊ वाजता शरीर टक्क जागं असतं. माणूस अकरापर्यंत मोबाइल बघतो, साडेचारला गजर होतो, झोप झाली साडेपाच तास. असे सहा दिवस भरले की नऊ-दहा तासांची तूट. उपाय दोन. दुपारी पावणेतीनला घरी आल्यावर जेवून साडेतीनला पडायचं, पण गजर लावून २५ मिनिटंच. दीड-दोन तास ताणून दिली की रात्रीची झोप बाराच्या पुढे गेलीच म्हणून समजा. दुसरा, संध्याकाळी सातनंतर घरातला मोठा ट्यूबलाइट बंद करून पिवळा, मंद दिवा लावायचा, आणि चहा दुपारी चारनंतर बंद.

सेकंड शिफ्टमध्ये झोप सगळ्यात चांगली होते. पावणेअकराला घरी, हलकं जेवण, साडेबाराला झोप, साडेसात-आठला जाग. तोटा झोपेचा नाही, माणसांचा आहे. मुलं सातला शाळेत जातात आणि परत येतात तेव्हा तुम्ही कामावर. आठवडाभर बाप घरात राहूनही मुलाच्या दृष्टीला पडत नाही. इथे मी झोपेचा एक तास द्यायला सांगेन, पण ठरवून. आठवड्यातले दोनच दिवस, समजा मंगळवार आणि शुक्रवार, सव्वासहाला उठायचं, मुलांसोबत पोहे-चहा घ्यायचा, त्यांना रिक्षापर्यंत सोडायचं, आणि त्या दिवशी दुपारी साडेबाराला, शिफ्टला निघण्याआधी, वीस मिनिटं डोळे मिटायचे. रोज उठायचा हट्ट धरला तर गुरुवारपर्यंत मोडतो.

नाइटला झोप दोन तुकड्यांत घ्यायची. सकाळी पावणेसातला घरी. पाय धुऊन, थोडं खाऊन साडेसातला अंथरुणावर. एक-दीडपर्यंत साडेपाच-सहा तास. दिवसाच्या झोपेत याहून लांब पल्ला फारसा मिळत नाही, कारण घड्याळ 'ऊठ' म्हणत असतं, ऊन वाढतं आणि गल्ली जागी होते. हे गृहीत धरायचं आणि साडेपाच ते सात दुसरी झोप घ्यायची, साधारण दीड तास. झोपेचं एक आवर्तन साधारण तेवढंच असतं. सातला उठून तोंड धुतलं की आठला सगळ्यांसोबत बसून जेवण. नाइटच्या आठवड्याची ही एक जमेची बाजू लोक वाया घालवतात. सेकंड शिफ्टमध्ये न मिळणारं रात्रीचं पंगतीचं जेवण इथे सहाही दिवस मिळतं. फक्त ते आठला व्हायला हवं, सव्वानऊला घाईघाईत बुटाची लेस बांधताना नाही.

नाइटच्या पहिल्या दिवसाचं वेगळं आहे. त्या दिवशी सकाळी तुम्ही इतरांसारखे सातला उठलेले असता. दुपारी झोपला नाहीत तर पहाटे सहाला जागरणाचे २३ तास भरतात. म्हणून अडीच ते चार, त्या नैसर्गिक उतारात, दीड तास झोप घ्यायचीच. पाहुणे आले असतील, तरीही.

खोली

गिरणगावातल्या चाळींत एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे. एक पाळी कामावर गेली की दुसऱ्या पाळीचे त्याच पथाऱ्यांवर आडवे व्हायचे. दाटी भयंकर होती, पण दिवसा कुणीतरी झोपलेलं असणं हे त्या खोलीचं गृहीतच होतं. आजच्या वन रूम किचनमध्ये शिफ्टवाला एकटा असतो आणि बाकी घर दिवसाचं असतं. कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाला, कुरिअरवाल्याची बेल, शेजारचा टीव्ही. कुणाचं चुकतं असं नाही, पण झोपेचे तुकडे होतात.

अंधारापासून सुरुवात करा, कारण कानापेक्षा डोळा घड्याळाशी थेट जोडलेला आहे. खिडकीच्या काचांना आतून काळा चार्ट पेपर किंवा स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवा. कडेच्या फटी राहू देऊ नका, उजेड तिथूनच शिरतो. वर गडद कापडाचा दुहेरी पडदा, खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद. मग दुपारी बाराला खोलीत उभं राहून हात पुढे धरा. तळहातावरच्या रेषा दिसल्या तर अजून काम बाकी आहे. भाड्याच्या खोलीत हे शक्य नसेल तर डोळ्यांवर मऊ सुती पट्टी, नाकाजवळ फट न राहणारी.

आवाज पूर्ण थांबत नाही, पण तो झाकता येतो. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून चालू ठेवला की त्याची एकसुरी घरघर मधल्या आवाजांचे टोकदार कंगोरे घासून टाकते. झोप मोडते ती अचानक उठणाऱ्या आवाजाने, सलग आवाजाने नाही. दाराच्या बेलचं बटण बंद करून बाहेर 'नाइट ड्यूटी, दुपारी दीडनंतर' अशी पाटी लावा. मोबाइलवर 'डू नॉट डिस्टर्ब' लावताना आई-वडील, पत्नी किंवा पती आणि मुलांची शाळा हे नंबर सूट यादीत टाका. तसं केलं नाही तर दर तासाला 'काही झालं तर नसेल?' म्हणून जाग येते. कुकर सकाळी सातच्या आत किंवा दीडनंतर.

उन्हाळ्यात हे सगळं असूनही झोप लागत नाही, आणि त्याचं कारण तापमान. गाढ झोपेसाठी शरीर आतून थोडं थंड व्हावं लागतं. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४२ वर असताना पत्र्याच्या खोलीत ते होत नाही. दुपारी दोन ते चार सगळ्यात तापतं, म्हणून मे महिन्यात मुख्य झोप एकपर्यंत संपेल अशीच ठेवायची. घरी येऊन 'जरा पेपर वाचतो' म्हणत साडेनऊ वाजवायचे नाहीत. झोपण्याआधी कोमट पाण्याने अंघोळ करा. कातडीकडे रक्त येऊन उष्णता बाहेर पडते. बर्फाच्या पाण्याने उलट तरतरी येते.

डबा, चहा आणि झोपेसाठी घेतलेली क्वार्टर

रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही. तोच भात दुपारी खाल्ला तर रक्तातली साखर जितकी चढते, त्याहून पहाटे जास्त चढते. म्हणून पोटभर जेवण आठला घरी, आणि मधल्या सुट्टीत, बारा-साडेबाराला, फक्त आधार. एक भाकरी आणि मटकीची उसळ, वाटीभर मुगाची खिचडी, किंवा मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एक केळं. रात्री दोनला कॅन्टीनचा वडापाव आणि भाताची थाळी घेतली की तीनला डुलकी आणि घरी आल्यावर छातीत जळजळ, दोन्ही ठरलेलं. सकाळी झोपण्याआधी उपाशीही राहू नका, अकराला भुकेने जाग येते. एखादी पोळी आणि थोडं दूध पुरे.

चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. साडेसातला झोपायचं असेल तर शेवटचा चहा रात्री अडीचला. खरी ओढ लागते पहाटे साडेचारला, आणि तेव्हा घेतलेला कप झोपेच्या वेळी अजून अर्ध्याहून जास्त अंगात असतो. त्यापेक्षा चहा शिफ्टच्या सुरुवातीला आणि बाराला असा अलीकडे ओढून घ्या. साडेचारला पाणी, तोंडावर हबका, आणि लाइनवर उभ्यानेच दहा मिनिटं चालणं. तंबाखूची चिमूट जागं ठेवते हे खरं, पण निकोटिन झोपही तोडतं, आणि नाइटमध्ये लागलेली तंबाखू दिवसाच्या शिफ्टमध्येही सुटत नाही. झोप यावी म्हणून सकाळी घेतलेली क्वार्टर त्याहून वाईट. डोळा पटकन लागतो, पण दारू उतरायला लागली की झोपेचा उत्तरार्ध फाटतो आणि साडेदहाला घामाने जाग येते.

कंपनीत परवानगी असेल तर दोन ते तीनच्या दरम्यान वीस मिनिटांची डुलकी फार मोलाची. वीसच. अर्ध्या-पाऊण तासावर गाढ झोपेतून उठलात तर पुढची पंधरा ते तीस मिनिटं डोकं चिखलात रुतल्यासारखं राहतं. उठल्यावर पंधरा मिनिटं प्रेसवर, क्रेनवर किंवा फोर्कलिफ्टवर हात घालायचा नाही. शिफ्ट इनचार्ज हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती: डोळे ताणून करायचं इन्स्पेक्शन रात्री एकच्या आत उरकू द्या, आणि तीन ते पाच माणसाला हालचालीचं काम द्या. या दोन तासांत एकटं, बसून, एकसुरी काम म्हणजे चूक मागून घेणं.

घरी परतताना कंपनीची बस असेल तर बसच. दुचाकीवर असाल तर खूण एकच: मागचा एखादा किलोमीटर कसा गेला ते आठवत नसेल, तर गाडी तिथेच बाजूला घ्यायची. हेल्मेटची काच वर करून गार वारा घेतल्याने झोप जात नाही, ती गेल्यासारखी वाटते. पेट्रोल पंपावर वीस मिनिटं बसून डोळे मिटा. बसने येणाऱ्यांनी उन्हाचा काळा चष्मा लावावा, म्हणजे सकाळचा उजेड घड्याळाला 'दिवस सुरू' असं सांगत नाही. गाडी चालवत असाल तर नको, तिथे उजेडच तुम्हाला जागं ठेवतो.

शिफ्ट बदलते तो दिवस

सगळी घडी विस्कटते ती इथे. फर्स्ट, मग सेकंड, मग नाइट असा पुढे सरकणारा क्रम शरीराला सोसतो, कारण प्रत्येक वेळी उशिराच झोपायचं असतं. उलटा क्रम, म्हणजे नाइटनंतर सेकंड आणि सेकंडनंतर फर्स्ट, घड्याळाच्या विरुद्ध जातो. त्यात सुट्टी मध्ये न येता सेकंड रात्री दहाला संपून सकाळी सहाला फर्स्ट लागली तर मध्ये आठच तास. त्यातून प्रवास आणि जेवण वजा केलं की झोपेला साडेचार-पाच. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात दोन कामांमध्ये रोज सलग ११ तास विश्रांती मागितली आहे, ती याचसाठी. युनियन किंवा वर्क्स कमिटी असेल तर पगाराच्या बरोबरीने 'शिफ्टचा क्रम पुढचा ठेवा' ही मागणी लावून धरा. तिला कंपनीचा एक रुपया लागत नाही.

क्रम पुढचा असला तरी नाइटवरून फर्स्टवर येणं आहेच, आणि साप्ताहिक सुट्टी तिथेच खर्च होते. १० जून १८९० ला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रात्रपाळीवाल्याची सुट्टी मात्र वेगळी मोजतात. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ती शिफ्ट संपल्यापासूनचे सलग २४ तास अशी ठरवली. म्हणजे शनिवारची नाइट रविवारी सकाळी सहाला संपली तर सुट्टी तिथून सोमवारी सकाळी सहापर्यंत, आणि सोमवारी सहाला तर तुम्ही पुन्हा गेटवर. या २४ तासांत दोन झोपा बसवायच्या आहेत.

बहुतेक जण रविवारी सातला झोपतात आणि दुपारी तीनला उठतात. ताजंतवानं वाटतं, मग रात्री एकपर्यंत झोप येत नाही, साडेचारला गजर, आणि अख्खा फर्स्टचा आठवडा तुटीत सुरू होतो. त्याऐवजी असं करा. साडेसातला झोपा आणि साडेदहाचा गजर लावा, तीन तास. उठायला जड जाईल, चिडचिड होईल, घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा. उठल्याबरोबर उघड्यावर, उन्हात अर्धा तास. भाजी आणा, मुलांना मैदानावर न्या, पण बाहेर पडा. दुपारचं जेवण सगळ्यांसोबत. दोन ते चारचा उतार अंगावर येईल तेव्हा आडवं व्हायचं नाही, पाहुण्यांकडे जायचं असेल तर हीच वेळ. त्या दिवशी दूरचा प्रवास आणि गाडी चालवणं टाळा. साडेसातला जेवण, आठला मंद दिवे. रात्री नऊला तुम्ही स्वतःहून पेंगाल, कारण सकाळची तूट आता तुमच्या बाजूने काम करत असते.

बाईची नाइट

वर सगळीकडे साडेसातला झोप लिहिलं आहे. नर्स, लॅब टेक्निशियन, कॉल सेंटरवरच्या मुली, कारखान्यात नाइट करणाऱ्या बायका यांच्या घरी साडेसातला काय चालतं? डबे. अनेक रुग्णालयांत नाइट बारा तासांची असते, रात्री आठ ते सकाळी आठ. नऊला घरी आलेली बाई ओटा आवरते, मशीन लावते, सासूबाईंच्या गोळ्या देते आणि अकराला आडवी होते. चारला मुलं येतात. पाच तासांची झोप, त्यात दोनदा दार वाजलेलं. हे रात्री-रात्री साचत जातं आणि तिलाच सांगितलं जातं की 'तू हल्ली फार चिडतेस'.

इथे गजर आणि पडद्यांनी काम भागत नाही, कामाची वाटणी बदलावी लागते. तिच्या नाइटच्या आठवड्यात सकाळचा डबा ज्याने करायचा त्याचं नाव आधीच ठरलेलं हवं. पोळ्या जमत नसतील तर तो आठवडा डब्यात भात, पराठे किंवा बाहेरच्या पोळ्या. कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये, भाजी चिरून डब्यात, मुलांचे गणवेश इस्त्री करून खुंटीला, हे सगळं ती निघायच्या आधी घरातल्या दुसऱ्या माणसाने करायचं. ती आली की फक्त चहा-नाश्ता समोर आणि खोलीचं दार बंद. पुरुष नाइटहून आला की घर आपोआप गप्प होतं, 'बाबा झोपलेत'. तीच शांतता आईलाही मिळाली पाहिजे. ती मागावी लागू नये.

कॅलेंडरवर तीन आकडे

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जिथे दुधाचा हिशोब लिहिता, तिथेच प्रत्येक आठवड्याच्या सुरुवातीला १, २ किंवा ३ लिहा. पुढच्या तीन महिन्यांचं पेन्सिलने. आणि कामं त्या आकड्यांनुसार टाका. बँक, आरटीओ, तहसील, दवाखाना, शाळेतली पालकसभा ही सगळी २ च्या आठवड्यात, सकाळी दहा ते साडेबारा. मुलांचा अभ्यास, बाजार, नातेवाईक, जिम किंवा तालीम हे १ च्या आठवड्यात, संध्याकाळी चार ते सात. ३ च्या आठवड्यात झोप आणि रात्रीचं जेवण, बाकी काही नाही. नाइटहून आल्यावर 'मोकळाच आहे तर गॅसची केवायसी करून येतो' म्हणणारा माणूस एका अर्जासाठी दिवसाची झोप देऊन बसतो. गणपती, दिवाळी, सख्ख्या घरातली लग्नं यांच्या तारखा दिसल्या की शिफ्ट अ‍ॅडजस्ट करायला सहकाऱ्याशी महिनाभर आधीच बोला, आणि त्याची परतफेड कुठल्या तारखेला हेही तिथेच लिहा.

डबल, म्हणजे लागोपाठ दोन शिफ्ट, मारायच्या वेळी एक आकडा डोळ्यांसमोर ठेवा. सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. सकाळी साडेचारला उठून फर्स्ट आणि सेकंड दोन्ही केल्या तर रात्री दहाला साडेसतरा तास झालेले असतात, आणि अजून घरी जायचं असतं. ओटीचे पैसे दुप्पट मिळतात, हप्ते असतात, सगळं मान्य. करायचीच वेळ आली तर सेकंडला जोडून नाइट टाळा, परतीला बस किंवा रिक्षा धरा, आणि आठवड्यात एकाहून जास्त नको.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डॉक्टरांकडे जाताना हे तीन आठवड्यांचं वेळापत्रक कागदावर घेऊन जा आणि प्रत्येक शिफ्टला गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं ते लिहून आणा. 'सकाळी एक, रात्री एक' याचा नाइटच्या आठवड्यात काय अर्थ घ्यायचा हे स्वतः ठरवू नका. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. त्याच दिनदर्शिकेच्या चौकटीत रोज झोपेचे तास लिहीत जा, ३ च्या आठवड्यात ५.५ + १.५ असे. तिन्ही आठवड्यांत पडूनही झोप लागत नाही किंवा कामावर डोळे मिटतात, असं तीन महिने चाललं असेल, किंवा घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर ती पानं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि झोपेच्या तपासणीबद्दल विचारा.